श्रवणयंत्र दिले, संगत कोण देणार?

कर्णबधिर ज्येष्ठांसाठी वेगळे काही करायला नको, असे म्हणणारी माणसे कठोर मनाची नसतात. त्यांतले अनेक जण ज्येष्ठ नागरिक संघांचे पदाधिकारी असतात, प्रभागात धावपळ करणारे कार्यकर्ते असतात, श्रवणयंत्र वाटपाची शिबिरे त्यांनी स्वतः राबून भरवलेली असतात. त्यांचे म्हणणे असे की, वय झाले की कान मंद होणारच. ज्याला परवडत नाही त्याला सरकार यंत्र देते. जे जन्मापासून ऐकू शकत नाहीत त्यांची आपली मंडळे आहेत आणि ते आपापल्यांत रमतात. शिवाय ज्येष्ठांच्या योजना आहेत, दिव्यांगांच्याही आहेत, म्हणजे ह्या लोकांना दोन्हीकडून मिळते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात हे मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. मला ते चुकीचे वाटते, आणि ही चूक मुळातली आहे. म्हातारपणी बहिरेपणामुळे माणसाची चार लोकांतली जागा जाते. आपण त्याच्या कानाची सोय पाहतो आणि जागेचा विषय काढत नाही.

आधी संख्येचे पाहू, कारण 'असे लोक आहेतच किती' हा प्रश्न लगेच येतो. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या दोन महापालिकांची लोकसंख्या मिळून सुमारे ३१ लाख होती. राज्यात साठीच्या पुढचे लोक तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास होते. नोकरीसाठी येणाऱ्या तरुणांची ही शहरे म्हणून आपण आठच टक्के धरू. तरी अडीच लाखांच्या घरात ज्येष्ठ होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार साठीपुढच्या चौघांपैकी एकाहून जास्त लोकांना व्यवहार अडेल इतके कमी ऐकू येते. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर आणि हात राखून केलेला हिशेबसुद्धा साठ हजारांवर जातो. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर आणि सावित्रीबाई फुले कलामंदिर ही तिन्ही नाट्यगृहे एकाच वेळी तुडुंब भरली तरी त्यांत हे लोक मावणार नाहीत. मग ते दिसत का नाहीत? एक कारण हे की त्यांना मोजण्याची आपली पट्टीच तोकडी आहे. देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेले लोक २००१ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या आसपास होते, २०११ मध्ये ते पन्नास लाखांच्या वर गेले. दहा वर्षांत चौपट माणसे बहिरी होत नाहीत. विचारण्याची पद्धत बदलली, तेव्हा आधी न दिसलेली माणसे दिसली.

दुसरे कारण कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणहानी असेल तर माणूस 'ऐकू कमी येणारा' ठरतो आणि ७० डेसिबलला 'बधिर'. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानाची हानी ३५ डेसिबलच्या पुढे गेली की ती माणसाच्या जगण्यात अडथळा आणणारी मानते. ३५ आणि ६० मधली ही जी पट्टी आहे, तिच्यात वयाने कान गेलेले असंख्य आजी-आजोबा बसतात. घरात एकाशी एक बोलताना त्यांचे निभते, पण सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या हॉलमध्ये, डॉक्टरांच्या गर्दीच्या दवाखान्यात त्यांना वाक्याचे तुकडेच कळतात. त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून दिव्यांगांचे युडीआयडी ओळखपत्र नाही, म्हणून दिव्यांगांच्या कोणत्याही योजनेच्या यादीत ते नाहीत. कोणी म्हणेल, रेघ कुठेतरी ओढावीच लागते, नाहीतर अर्धे शहर प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहील. नोकरीतील आरक्षण किंवा निवृत्तिवेतन द्यायचे असेल तेव्हा हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे रेघ हवी. पण सभागृहात पडद्यावर शब्द दाखवायला, रुग्णालयात नाव पुकारण्यासोबत क्रमांक उजळवायला कोणाचे प्रमाणपत्र पाहावे लागत नाही. जिन्याच्या शेजारी उतार बांधला तर त्यावरून जाणाऱ्याचे गुडघे कोणी तपासत नाही. ऐकण्याच्या बाबतीतही तेच लागू व्हायला हवे.

आता यंत्राकडे येऊ. यंत्राला मी कमी लेखत नाही. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ ह्या तिन्ही अहवालांत, ज्यांवर इलाज करता येतो अशा धोक्यांत श्रवणहानीला वरचे स्थान दिले आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर झालेल्या श्रवणयंत्राच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर तीन वर्षांत फारसा फरक दिसला नाही, पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. शिबिरे भरवणाऱ्यांनी ह्या निष्कर्षाचा आधार घेतला तर ते रास्तच आहे. मात्र त्या प्रयोगात लोकांच्या हातात यंत्र ठेवून त्यांना घरी पाठवले नव्हते. श्रवणतज्ज्ञाकडे पुन्हा पुन्हा बसवून यंत्र जुळवून दिले होते, ते वापरायचे कसे आणि गर्दीत बोलणे कसे पकडायचे हे शिकवले होते. आपल्याकडे मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांपुढच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठाला चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. बऱ्यापैकी डिजिटल यंत्राची किंमत ह्याच्या अनेक पट असते. आणि यंत्र मिळाल्यावर कानाच्या मापाचा साचा, आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायची बटणाएवढी बॅटरी, पावसाळ्यातल्या दमटपणाने आत साचणारा ओलावा, पुन्हा पुन्हा करावी लागणारी जुळवणी, ह्यातले काहीच त्या एकदाच्या रकमेत येत नाही. यंत्र कपाटात पडते, आणि घरचे म्हणतात, आणून दिले तरी घालत नाहीत.

ते का घालत नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे. वयाने कान जातात तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, थ, फ असे वर्ण. स्वर ऐकू येतात, त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण काय ते कळत नाही. 'साठ' मधला स गेला की उरतो तो 'आठ'. औषधाची मात्रा, रिक्षाचे भाडे, रेल्वेचा फलाट क्रमांक, अशा ठिकाणी हा एक वर्ण केवढा घोटाळा करतो ते सांगायला नको. यंत्र आवाज मोठा करते, चाळणीतून गळालेला वर्ण परत आणण्याची त्याची ताकद मर्यादित असते. त्यात पंखा, भांडी, शेजारच्या दोघांचे बोलणे हेही मोठे होते. म्हणून यंत्र घालूनही समोरच्याचा चेहरा दिसावा लागतो, एका वेळी एकानेच बोलावे लागते, महत्त्वाचे आकडे लिहून द्यावे लागतात. म्हणजे भोवतीच्या माणसांनी आपली रीत बदलावी लागते. वाटप-शिबिराच्या कल्पनेत ही भोवतीची माणसे कुठेच नाहीत.

हे झाले उशिरा कान गेलेल्यांचे. जे जन्मापासून किंवा बालपणापासून ऐकू शकत नाहीत आणि आता सत्तरीत आहेत, त्यांच्याबद्दलचा समज आणखी घट्ट आहे: त्यांची त्यांची मंडळे आहेत, त्यांना सवय आहे. मध्य रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्या कर्णबधिरांची संगत कशावर उभी राहिली ते पाहिले तर ह्या समजातली खोट दिसते. स्वतः कर्णबधिर असलेल्या बेल्जियन संशोधक अॅनेलीस कुस्टर्स यांनी मुंबईच्या लोकलमधील अपंगांच्या डब्याचा अभ्यास करून २००९ मध्ये लेख प्रसिद्ध केला. कर्णबधिर लोक ठरवून एकच गाडी पकडतात, डब्यात खुणांच्या भाषेत गप्पा मारतात, नोकरीच्या, हक्कांच्या, लग्नाच्या बातम्या तिथेच एकमेकांना देतात, गप्पा संपाव्यात म्हणून काही जण आपल्या स्टेशनाच्या पुढे जातात, असे त्यांना दिसले. कल्याणपासून सीएसएमटीपर्यंत ५४ किलोमीटर अंतर आहे. जलद गाडीलाही तासभर लागतो. घरात आणि कार्यालयात सगळे ऐकणारे असले, तर दिवसातले हे दोन तासच माणसाला त्याच्या स्वतःच्या भाषेत मिळायचे. त्या डब्यात त्यांना आपल्या जागेसाठी झगडावेही लागे, कारण ज्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्याने बसायचे कशाला, असा प्रश्न तिथेही येई, हेही कुस्टर्स यांच्या पुढच्या लिखाणात आहे.

आता हा माणूस निवृत्त होतो. मासिक पास संपतो, आणि पासाबरोबर तो डबाही संपतो. ऐकणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर इमारतीखालचा बाक मिळतो, बागेतला कट्टा मिळतो, विरंगुळा केंद्र मिळते, ज्येष्ठ नागरिक संघाची सभा मिळते. कर्णबधिर माणसाला ह्यातले काही मिळत नाही, कारण ही सगळी ठिकाणे कानावर चालतात. त्याचे मित्र एक बदलापूरला, एक मुलुंडला, एक दिव्याला. पूर्वी त्यांना गाडी जोडत होती. गुडघे दुखायला लागल्यावर कल्याणच्या पुलाचे जिने चढून केवळ गप्पांसाठी गाडी पकडणे किती जणांना जमेल? 'त्यांची मंडळे आहेत' हे वाक्य कमावत्या वयाबद्दल काही प्रमाणात खरे होते; नेमके म्हातारपणी, म्हणजे जेव्हा ते आधार म्हणून सांगितले जाते तेव्हाच, ते खोटे ठरते. आणि समजा मंडळे जोरात चालत असती, तरी त्यामुळे शहराची जबाबदारी संपत नाही. एखाद्या समाजाची स्वतःची जागा असणे आणि शहराच्या सामाईक जागा त्याला बंद असणे ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही जागांवर त्याचा हक्क आहे.

इथे एक सूचना नेहमी येते: सगळ्यांकडे मोबाइल आहे, लिहून दाखवावे, व्हॉट्सॲप करावे, व्हिडिओ कॉल करावा. व्हिडिओ कॉलने खरोखर मोठी सोय झाली आहे, यात वाद नाही. पण लिहून दाखवण्याचा उपाय सगळ्यांना पुरत नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने असा ठराव केला की मुलांना ओठांच्या हालचाली ओळखून बोलायला शिकवावे, खुणांची भाषा शाळेतून काढावी. तिथे मत देणाऱ्यांत ऐकणारे लोकच जवळजवळ सगळे होते. त्या ठरावाचा पगडा जगभरच्या शाळांवर शतकभर राहिला. त्याबद्दल अधिकृत खेद व्यक्त झाला तो २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत. आपल्याकडचे आजचे कर्णबधिर ज्येष्ठ १९५० आणि ६० च्या दशकांत शाळेत होते. न ऐकू येणारा उच्चार घोकण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्यापैकी अनेकांना कळते ते सगळे खुणांच्या भाषेतून कळते. तलाठ्याच्या किंवा बँकेच्या मराठीतला परिच्छेद त्यांच्यापुढे ठेवणे म्हणजे अनोळखी भाषेतला कागद ठेवण्यासारखे आहे. त्यांना अडाणी समजले जाते, आणि ते सगळ्यात जास्त अन्यायाचे आहे. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झाले, दहा हजार शब्दांचा कोश २०२१ मध्ये आला. ही पिढी तोवर साठी ओलांडून गेली होती.

'दोन्हीकडून मिळते' ह्या विधानाची परीक्षा कायद्याच्या आणि योजनांच्या दारात करावी. मुले सांभाळत नाहीत म्हणून ज्येष्ठांच्या निर्वाहाबाबतच्या २००७ च्या कायद्याखाली ज्येष्ठ व्यक्ती उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते; ठाण्यात आणि कल्याणमध्ये ती सोय आहे. सुनावणी सोपी राहावी म्हणून मूळ कायद्याने वकिलांना बाहेर ठेवले, माणसाने आपले गाऱ्हाणे स्वतः सांगावे अशी अपेक्षा धरली. ज्याची भाषा हातांची आहे त्याने ते कसे सांगावे, यावर तो कायदा गप्प आहे. मग दुभाषी म्हणून घरचाच माणूस पुढे येतो, आणि तक्रार त्याच्याच विरुद्ध असू शकते. दिव्यांग अधिनियमाचे १२ वे कलम साक्ष माणसाच्या पसंतीच्या भाषेत आणि माध्यमात नोंदवण्याची सोय करायला सांगते, पण दोन कायदे एकाच टेबलावर उघडून ठेवल्याशिवाय त्या कलमाचा उपयोग नाही. ज्येष्ठांच्या मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४५६७. फोन करून बोलायचे आणि ऐकायचे. सगळ्यात एकट्या माणसाला जी मदत हवी, तिचे दार कानातून उघडते. रेल्वेचे उदाहरण तर नमुनेदार आहे. ज्येष्ठांची तिकीट-सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. श्रवणदोषासाठी सवलत आहे, पण ती ऐकणे आणि बोलणे दोन्ही नसलेल्यालाच. पासष्टीत दोन्ही कान गेलेली, पण स्वच्छ मराठी बोलणारी बाई ज्येष्ठ म्हणूनही बसत नाही आणि बधिर म्हणूनही बसत नाही. तिला बोलता येते हाच तिचा दोष ठरतो.

खर्चाचा आक्षेप शेवटी उरतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण महापालिकांकडे रस्त्याला आणि पाण्यालाही पैसे पुरत नाहीत. पण ह्या कामासाठी नवा कर लागत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा राज्याचा नियम आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी त्या निधीतून आठवड्यातला एक ठरलेला दिवस मुख्यालयात सांकेतिक भाषेचा दुभाषी बसवला, आणि त्याच दिवशी उपविभागीय कार्यालयाने, रुग्णालयाने, पोलिस ठाण्याने त्याला व्हिडिओवरून बोलवावे अशी व्यवस्था केली, तर चार कार्यालयांचे काम एका माणसात होते. दुभाषी कमी आहेत हे खरे. म्हणूनच असलेल्याला एका कार्यालयापुरते बांधून ठेवणे परवडत नाही. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे, तिथे श्रवणतज्ज्ञ तयार होतात आणि सांकेतिक भाषेचे शिक्षणही मिळते. ती ह्या शहरांपासून लोकलच्या अंतरावर आहे. यंत्रवाटपाच्या शिबिरानंतर तीन आणि सहा महिन्यांनी जुळवणीचे शिबिर त्याच हॉलमध्ये भरवायचे ठरले, तर आज कपाटात पडणारी कितीतरी यंत्रे कानात राहतील. सभेतले बोलणे मराठी अक्षरांत उमटवणारे ॲप साध्या अँड्रॉइड फोनवर फुकट चालते. ते चुका करते, नावे बिघडवते, पण आज ज्याला शून्य कळते त्याला त्यातून बरेच कळते. फोन प्रोजेक्टरला जोडायचा इतकेच काम आहे.

ह्या शहरांना आपल्या सांस्कृतिक जीवनाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. ठाण्यात २०१० मध्ये आणि डोंबिवलीत २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. म्हाळगी व्याख्यानमाला, अत्रे कट्टा, फडके रोडवरची पाडव्याची स्वागतयात्रा ही इथल्या माणसांची ओळख आहे. ही संस्कृती बोलण्या-ऐकण्याची आहे, आणि तिच्यात आयुष्य घालवलेला श्रोता कान गेल्यावर मागच्या रांगेत जातो, मग यायचा थांबतो. तो आला नाही म्हणून कोणी चौकशी करत नाही. वय झाले, असे म्हणून विषय मिटतो. हे बदलायला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून ही विनंती थेट ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यकारिणीला आहे. सभासद-अर्जावर नाव, पत्ता, रक्तगट विचारता; त्याखाली एक रकाना वाढवा: आपल्याशी कसे बोलावे? जवळून, लिहून, की खुणांनी? पुढच्या मासिक सभेत वक्त्याच्या तोंडावर उजेड पडेल असा दिवा लावा, पडद्यावर शब्द दाखवा, आणि पहिल्या दोन रांगा अशा सभासदांसाठी राखून ठेवा. ज्यांनी यायचे थांबवले आहे त्यांची यादी तुमच्याच वहीत आहे. त्यांना फोन करू नका. त्यांच्या घरी जा.